गवताचा माळ, १८८७

मार्च १८८७. नेब्रास्काच्या मधोमध, कस्टर काउंटीतल्या ब्रोकन बो स्टेशनवर तुम्ही उतरता. रेल्वे इथवर येऊन अजून वर्षही झालेलं नाही. पाऊल जमिनीला टेकतं न टेकतं तोच टोपी उडते. तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही, कारण तिला अडवायला क्षितिजापर्यंत एक झाड नाही. न्यायला खेचरांची गाडी आली आहे. गाडी हाकणारा तुमचा यजमानच. तो तुमच्या बुटांकडे एकदा बघतो, सामान मागे टाकतो आणि एवढंच सांगतो, "गवतात पाय टाकताना खाली बघायचं. थंडी सरली की खुळखुळे साप बाहेर पडतात."

वाटेत गवतात एक कवटी दिसते. बैलाची वाटते, पण फार मोठी. ती बायसनची, म्हणजे इथल्या रानगव्याची. शतकाच्या सुरुवातीला या मैदानांवर असे काही कोटी गवे चरत होते. आता अख्ख्या अमेरिकेत हजाराच्या आसपास उरलेत. कातड्यासाठी ते मारले गेले, हाडं पुढे खताच्या आणि साखरेच्या कारखान्यांना विकली गेली. त्या गव्यांवर जगणारे पॉनी लोक या लूप नदीच्या खोऱ्यातले. त्यांना १८७०च्या दशकात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत हलवलं गेलं. तुमच्या यजमानाला सरकारने 'फुकट' दिलेली १६० एकर जमीन रिकामी झाली ती अशी. १८६२च्या होमस्टेड कायद्याने अट घातली आहे, पाच वर्षं इथे राहून जमीन कसायची, मग सातबारा तुमच्या नावे.

घर समोर आलं तरी ओळखू येत नाही. लाकूड नाही, दगड नाही, म्हणून माणसांनी माळच कापून भिंती रचल्यात. गवताच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेली जमीन नांगराने पट्ट्या-पट्ट्यांनी सोलायची, फावड्याने तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून थरावर थर चढवायचे. भिंत दोन फुटांहून जाड होते. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊबदार. पण भिंत जिवंत आहे, तिच्यात उंदीर, पिसवा आणि ढेकूण राहतात. छतही मातीचंच, म्हणून खाली पांढरं मलमल ताणून बांधलंय. नाहीतर माती ताटात पडते, आणि कधी मातीबरोबर सापही. पाऊस थांबला तरी छत पुढे दोन-तीन दिवस गळत राहतं.

चूल पेटवायचं काम तुमच्याकडे येतं. तुम्ही लाकूड शोधता, तर घरधनीण तुमच्या हातात पोतं देते. "माळावर जा. वाळलेलंच उचला." म्हणजे रानशेण्या! तुम्हाला त्यात काही नवल नाही, पण पूर्वेकडच्या गावांतून आलेल्या बायकांना याची फार किळस होती. पहिल्या महिन्यात त्या शेणी चिमट्याने उचलत, मग फडक्याने, मग नुसत्या हाताने. आता तोच हात झटकून त्या पीठ मळायला घेतात. गवे होते तोवर त्यांच्या शेणावर प्रवाशांच्या चुली पेटल्या, आता गाईंच्या. शेण संपलं की मक्याची बुरकुंडं, तीही संपली की पिळून गाठ मारलेलं गवत.

मे महिन्यापर्यंत तुमचा दिवस जनावरं ठरवू लागतात. पहाटे धार. दोन गाई, त्यातली एक वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मग खेचरांना दाणा, डुकरांना ताकाचं पाणी, कोंबड्यांचं खुराडं उघडणं आणि रात्री कोयोटीने, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराने, किती नेल्या ते मोजणं. शेत नवऱ्याचं, पण घरात रोकड येते ती लोणी आणि अंडी यांतून. दुकानदार त्यांच्या बदल्यात कॉफी, साखर आणि कापड देतो. मका पिकला नाही तरी कोंबडी अंडं देते, म्हणून घरधनीण खुडूक बसलेल्या कोंबडीची जितकी काळजी घेते तितकी तुमची घेत नाही. गोठ्यात एक जाडजूड साप दिसतो आणि तुम्ही काठी उचलता, तर मुलं ओरडतात. हा बुलस्नेक, बिनविषारी. उंदीर खातो म्हणून त्याला इथे अभय आहे.

गुरं राखायचं काम आठ-दहा वर्षांच्या पोरांचं. नेब्रास्काच्या कायद्याप्रमाणे कुणाची गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली तर भरपाई गाईच्या मालकाने द्यायची. त्यामुळे पोरं दिवसभर माळावर असतात. प्रेअरी डॉग या खारीसारख्या प्राण्याच्या बिळांवरून घोडं दौडवायचं नाही, पाय आत गेला की मोडतो, हे त्यांना अक्षरांच्या आधी कळतं. काटेरी तारेचं पेटंट जोसेफ ग्लिडनला १८७४ साली मिळालं, आणि आता माळावर कुंपणं दिसू लागलीत. मोकळ्या रानात हजारो गुरं सोडणारे मोठे गोपालक मात्र यंदा गप्प आहेत. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात मोंटाना, वायोमिंग आणि डाकोटात त्यांचे कळप बर्फात उभ्या उभ्या मेले. थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, त्यांचीही डाकोटातली निम्म्याहून अधिक गुरं गेली. उन्हाळ्यात चारा कापून साठवायचा नाही, गुरांनी बर्फाखालचं गवत उकरून खावं, हा या गोपालकांचा हिशेब होता. तुमचा यजमान दर रविवारीसुद्धा गंजी रचतो, त्याचं कारण हे.

आभाळ इथे इतकं बेभरवशाचं का, ते नकाशा बघितला की कळतं. पश्चिमेला रॉकी पर्वत उभे आहेत, पण उत्तर ध्रुवापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवी एकही डोंगररांग नाही. उत्तरेची कोरडी थंडी आणि दक्षिणेची दमट ऊब यांना भेटायला ही मोकळी सपाटी मिळते. जूनमध्ये एका दुपारी ढग हिरवट होतो, कोंबड्या भर दुपारी खुराड्यात शिरतात, आणि घरधनीण सगळ्यांना जमिनीखालच्या तळघरात ढकलते. तुम्ही वर येता तेव्हा घर जागेवर आहे, पण गारांनी मका देठापर्यंत झोडपला आहे. पाव तास, एवढंच. नवरा शेताकडे बघत नाही. आधी खेचरं मोजतो. दोन्ही जिवंत आहेत, म्हणजे पुन्हा नांगरता येईल.

शेजारचा म्हातारा अशा दिवशी १८७४ची आठवण काढतोच. त्या वर्षी रॉकी पर्वताकडून टोळ आले. पीक तर खाल्लंच, पण दोरीवर वाळत घातलेले कपडे, घामाने खारट झालेली अवजारांची मूठ, घोड्याचा चामडी साज, काही सोडलं नाही. कोंबड्यांनी टोळ खाल्ले ते इतके, की त्यांची अंडी आणि मांस दोन्हींना टोळांची चव आली. म्हाताऱ्याला एक गोष्ट माहीत नाही आणि तुम्हाला आहे. ही जात १९०२ नंतर कुणाला जिवंत दिसलेली नाही. डोंगरांतल्या नदीखोऱ्यांत ती अंडी घालायची, आणि ती खोरी शेतकऱ्यांनी नांगरली, गुरांनी तुडवली, हे अभ्यासकांनी दिलेलं एक कारण.

ऑगस्टमध्ये एक फोटोग्राफर घोडागाडी घेऊन येतो, सॉलोमन बुचर. गेल्या वर्षापासून तो काउंटीतलं एकेक कुटुंब टिपतोय. कॅमेऱ्यासमोर माणसं बसतात, पण त्याआधी गाई, घोडे, खेचरं ओळीने आणून उभी केली जातात. कुत्रा हलतो, म्हणून त्याला दोनदा रागावलं जातं. शेजारच्या कुटुंबाने तर बाजाची पेटी अंगणात आणवली, कारण घरधनिणीला पूर्वेकडच्या नातेवाइकांना मातीचं घर दाखवायचं नव्हतं. जनावरं मात्र सगळे दाखवतात. तीच इथली श्रीमंती.

ऑक्टोबरात गवत वाळतं आणि नवी भीती सुरू होते. एका रात्री उत्तरेला क्षितिज लाल दिसतं. वारा तिकडूनच आहे. घराभोवती नांगरून ठेवलेला पट्टा आता उपयोगी पडतो. तुम्ही ओली पोती घेऊन त्या पट्ट्याच्या कडेला उभे राहता, ठिणगी पडली की झोडपायची. पोरं गुरांना नांगरलेल्या शेतात आणून उभी करतात. हरणं आणि ससे तुमच्या पायांजवळून पळत जातात. त्या क्षणी कुणी कुणाची शिकार करत नाही.

मग येतो गुरुवार, १२ जानेवारी १८८८. कित्येक दिवसांच्या गारठ्यानंतर सकाळ उबदार आहे. पोरं कोट न घेताच शाळेत गेली. यजमानाने गुरं मक्याच्या ताटांत चरायला सोडली. सैन्याच्या सिग्नल कोअरकडे देशाचा हवामान अंदाज असतो, थंडीच्या लाटेचं निशाण तारेने ठरावीक स्टेशनांवर लागतं. पण इथून स्टेशन अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुपारी वारा पडतो. गाई चरायच्या थांबून माना वर करतात. वायव्येला जमिनीपासून आभाळापर्यंत एक राखाडी भिंत उठलेली दिसते आणि तुम्ही "हे काय?" विचारेपर्यंत ती अंगावर आलेली असते.

बर्फ मैद्यासारखा बारीक आहे, डोळ्यांत शिरून पापण्या गोठवतो. हात लांब केला तर पंजा दिसत नाही. गोठा घरापासून वीस पावलांवर, पण मधे बांधलेला दोर नसता तर तुम्ही तो चुकला असता आणि पुढे शेकडो मैल मोकळा माळ होता. गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात, आणि कुंपणापर्यंत जाऊन थांबतात. रात्री पारा शून्याखाली तीस अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. कुणी बोलत नाही. घरधनीण चुलीत गवताच्या गाठी टाकत राहते.

सकाळी आभाळ निळंशार. तुमचा यजमान शाळेकडे, तुम्ही कुंपणाकडे. दोन गाई उभ्या आहेत, पण मेलेल्या. त्यांचा श्वासच नाकपुड्यांवर गोठून बर्फाचा मुखवटा झाला आणि त्या गुदमरल्या. तिसरीच्या नाकावरचा बर्फ तुम्ही मुठीने फोडता, ती फुस्कारते आणि जगते. पोरंही जगली. शाळेच्या बाईंनी त्यांना रात्रभर शाळेतच ठेवलं, बाकं जाळली. पूर्वेच्या व्हॅली काउंटीत मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छतच उडालं, तेव्हा ती सगळ्या मुलांना घेऊन वादळातून जवळच्या घरी पोचली. सगळीकडे असं झालं नाही. या वादळात सुमारे २३५ माणसं गेली असा अंदाज आहे, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच. म्हणून लोक त्याला 'मुलांचं वादळ' म्हणतात.

वसंतात तुम्ही परत निघता तेव्हा यजमान आणखी जमीन फोडतोय. नांगरामागे पाऊस येतो, असं एका पुस्तकाने १८८१ साली लिहिलं होतं आणि पुढची काही वर्षं पाऊस बरा झाल्याने लोकांना ते पटलंही. त्याआधीच, १८७८ साली, भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला कळवलं होतं की शंभराव्या रेखांशाच्या पलीकडे वर्षाला जेमतेम वीस इंच, म्हणजे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशात पडतो साधारण तेवढाच. रेखांशापलीकडच्या त्या भागात नुसत्या पावसावर शेती चालणार नाही, पाणी आणि कुरण धरून वस्ती करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. १८९०च्या दशकातल्या दुष्काळात हजारो कुटुंबं गाड्या भरून परत गेली, आणि १९३०च्या दशकात याच मैदानांच्या दक्षिण भागातली नांगरलेली माती धुळीची वादळं होऊन उडाली.

पॉवेल बरोबर होते. हा माळ गवताचा होता, आणि गवत दुधात, मांसात, शेणात बदलणाऱ्या जनावरांचा. ज्या घराने गुरांसाठी गंजी रचली आणि गोठ्याला दोर बांधला ते टिकलं. ज्याने आभाळावर पैज लावली ते गेलं. कस्टर काउंटीत १८९० साली साडेएकवीस हजारांवर माणसं होती, २०२० साली साडेदहा हजार. आणि आज नेब्रास्का राज्यात माणसांच्या साधारण तिप्पट गाईगुरं आहेत.