फिरंग कोणाची?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज लिलावगृहात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. तलवार परत आली हे बरेच झाले. पण सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात इतिहास शिकवणाऱ्या, घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला काही प्रश्न विचारणे भाग आहे.

या तलवारीची मूठ मराठा धाटणीची. पाते मात्र युरोपीय, सरळ आणि एकधारी. पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत धन्याचे नाव आणि पद आहे, शेवटी शब्द आहे 'फिरंग'. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. त्या काळी युरोपातली पाती आपल्या बंदरांवर उतरत आणि इथले कारागीर त्यांना मुठी चढवीत. ज्या शस्त्रात आज निखळ स्वदेशी अस्मिता शोधली जाते, ते शस्त्र आपले परकेपण स्वतःच सांगते. धन्याला त्याची लाज नव्हती. मग आपल्याला का असावी?

दुसरा प्रश्न पराक्रमाचा. १७४३च्या सुमारास देवगडच्या गोंड राज्याची सूत्रे रघूजींनी हाती घेतली. गोंड राजा बुऱ्हाणशहा नावापुरता राजा उरला. १७५१च्या तहाने बंगालच्या नबाबाकडून ओरिसा आणि सालिना बारा लाखांची चौथ मिळाली. त्या स्वाऱ्यांतल्या 'बर्गीं'ची भीती बंगालच्या अंगाईगीतात आजही आहे. नागपूरच्या पाठ्यपुस्तकातला विजय बंगालच्या पाळण्यापाशी वेगळाच ऐकू येतो.

तिसरा प्रश्न लोखंडाचा. मध्य भारतातले अगरिया पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या भट्टीत दगडातून लोखंड गाळीत आले. १९४२ साली व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावाची सोनेरी अक्षरे कोणत्या पात्यावर आहेत?

सुरगाणाही १९४८पर्यंत संस्थान होते. देशमुखांच्या गादीची नोंद गॅझेटिअरात सापडते. पण ज्या कोकणा, वारली, महादेव कोळ्यांच्या श्रमावर ती गादी टिकली, त्यांचे कोयते आणि कुऱ्हाडी कोणत्या संग्रहालयात आहेत?

तलवार जरूर मांडा. पण पाटीवर धन्याबरोबर पाते घडवणारा, मूठ चढवणारा आणि त्या धारेखाली आलेला माणूसही लिहा. आमच्या विद्यार्थ्यांनी हे काम सरकारची वाट न पाहता आपापल्या पाड्यावरून सुरू करावे. म्हातारी माणसे अजून आहेत, तोवरच.