तबकडी, पिन आणि खानदेशचा उन्हाळा

घरात गाण्याचे यंत्र आणावयाचे ठरले म्हणजे दुकानातील लखलखीत पेटीकडे पाहून निर्णय करण्याचा मोह बहुतेकांस होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचे गृहस्थही याला अपवाद नव्हते. तथापि कोणते यंत्र निवडले, यावर घरात कोणाचा आवाज यावयाचा, तो किती वर्षे टिकावयाचा आणि कोणता आवाज कायमचा विरून जावयाचा, हे ठरत असे. जळगाव-धुळ्याच्या मुलखापुरते जरी पाहिले तरी याचा प्रत्यय येतो.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले. त्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हानोव्हरहून. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला आणि माल स्वदेशीच तयार होऊ लागला. याच सुमारास, १९०६ साली, खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले व जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली. जळगाव मुंबईच्या लोहमार्गावरच होते. धुळ्यास चाळीसगावहून १९०० साली फाटा आला होता. कापसाच्या गाठी ज्या वाटेने मुंबईस जात, त्याच वाटेने मुंबईच्या चैनीच्या वस्तू इकडे येत.

त्या काळी निवड दोन यंत्रांत होती. एडिसनचा फोनोग्राफ मेणाच्या नळकांड्यावर वाजे, आणि योग्य जोड लावली असता घरातील माणसाचे बोलणे-गाणेही टिपून ठेवी. कलकत्त्यास हेमेंद्रमोहन बोस यांनी १९०६ च्या सुमारास अशा नळकांड्यांचा व्यापारही केला. बर्लिनरचा १८८७ चा ग्रामोफोन मात्र केवळ ऐकविणारा. त्याची चपटी तबकडी एका साच्यावरून हजारोंनी छापता येई, ठेवावयास सोयीची असे आणि आवाजही मोठा देई. लोकांनी तबकडीस पसंती दिली. व्यवहाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच झाले. परंतु त्यामुळे घरातील यंत्र मुके झाले नाही तरी बहिरे झाले! कलकत्ता-मुंबईचे गवय्ये जळगावच्या ओसरीवर गाऊ लागले, आणि त्याच घरातील जात्यावरची ओवी टिपण्याचे साधन मात्र घरात उरले नाही.

याचे मोल किती, हे बहिणाबाई चौधरी यांच्या उदाहरणावरून दिसते. जळगावजवळील आसोद्याच्या या शेतकरी स्त्रीचे आयुष्य, १८८० ते १९५१, जवळजवळ ग्रामोफोनच्याच कालखंडाशी समांतर गेले. त्यांची कविता कागदावर उतरविली गेली म्हणून राहिली. पुस्तक १९५२ साली निघाले. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले व पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. जुन्या दप्तरांची राखण करण्याची दृष्टी या मुलखात होती. आवाजाच्या राखणीचे साधन मात्र ऐपतदार घरांनीही घेतले नव्हते.

तबकडीवर जे आले ते मात्र भरघोस. बालगंधर्वांच्या बालपणीचा काही काळ जळगावात गेला होता आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथेच घेतले होते. दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तापीकाठच्या थाळनेरची. या दोघांची पदे ऐकण्यात खानदेशच्या घरांस आपलेपणा वाटणे साहजिक होते. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत कितीतरी वेळ रंगणारे पद दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांत आवरते घ्यावे लागे, ही अडचण खरी. पण ते वाटेल तेव्हा ऐकता येई.

येथे यंत्राच्या गुणदोषांचा प्रश्न येतो. कर्ण्याचे यंत्र वाड्याच्या चौकात शेजारपाजार जमवून ऐकावे असे. १९३१ साली निघालेले 'हिज मास्टर्स व्हॉइस १०२' हातात उचलून नेता येई आणि एका खोलीस पुरे. १९२५ नंतर विद्युत्-पद्धतीने घेतलेल्या तबकड्यांतील बारीक व खर्जातील स्वर अभ्रकाच्या पडद्याच्या जुन्या साउंडबॉक्सातून पुरतेपणी उमटत नसत; त्यासाठी नवा साउंडबॉक्स हवा. स्प्रिंग कमकुवत असेल तर तबकडीच्या शेवटी गती मंदावे. मिनिटास ७८ फेऱ्यांऐवजी साडेत्र्याहत्तर झाले की पट्टी अर्ध्या स्वराने उतरते, म्हणजे काळी चारमधील गाणे पांढरी पाचात येऊन पडते. गवय्यास दोष देण्यापूर्वी चावी पाहावी!

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पिन. तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड मिसळलेली असे, ती पोलादी पिन झिजून खाचेत नीट बसावी म्हणून. एका बाजूस पिन चारशे फुटांहून अधिक अंतर घासत जाई आणि तिच्यावर भार शंभर ग्रॅमहून जास्त. म्हणून दर बाजूस नवी पिन लावावयाची. काटकसरीने एकच पिन चार वेळा वापरणाऱ्या घरी तबकड्या करड्या पडत आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येई. वाचविलेल्या दिडकीची ती किंमत होती.

दुसरा शत्रू ऊन. लाख उष्णतेने मऊ होते, आणि खानदेशचा वैशाख म्हणजे काय, हे भुसावळच्या फलाटावर दुपारी उभे राहिलेल्यास सांगावयास नको. भिंतीशी तिरप्या टेकविलेल्या तबकड्या एका उन्हाळ्यात वाकत. घरातील थंड कोनाडा, तबकड्या ताठ उभ्या आणि एकमेकींस चिकटून, एवढी व्यवस्था यंत्राच्या किमतीइतकीच मोलाची ठरे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची, बारीक खाचेची तबकडी काढली. भारतात मात्र लाखेच्या तबकड्या पुढेही वीसेक वर्षे निघत राहिल्या. १९६५ च्या सुमारास बीटल्सची गाणीदेखील येथे ७८ वर छापली जात होती. कारण उघड होते. महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली ती १९६० नंतर, आणि चावीच्या यंत्रास विजेची गरज नव्हती.

नव्या-जुन्याच्या या सरमिसळीत पुष्कळ नुकसान झाले. लाखेच्या तबकडीस सुमारे ३ सहस्रांश इंच त्रिज्येचे टोक लागते, विनाइलला १ सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक. पोलादी पिनेखाली विनाइल एकदाच वाजविले तरी खाच नांगरली जाते. उलट बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घसरत जाऊन तेथील धूळच ऐकविते. यासाठी दोन टोकांची, उलटून लावता येणारी सुई निघाली. पण ती योग्य बाजूस फिरविण्याची आठवण घरोघर कोठून असणार?

आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजोबांच्या तबकड्या निघाल्या, तर बाजारातील नवे यंत्र घेताना प्रथम ७८ ची गती आहे की नाही ते पाहावे. पुष्कळ यंत्रांत ३३⅓ आणि ४५ एवढ्याच असतात. मग जाड टोकाची सुई निराळी घ्यावी. आणि तबकडी पुसण्यासाठी घरातले स्पिरिट हाती धरू नये. लाख स्पिरिटात विरघळते. मऊ फडके, थोडे पाणी आणि लगेच कोरडे करणे एवढे पुरते.