एकरी आठ डॉलर

अमेरिकेत मुलांकडे, भाच्या-पुतण्यांकडे जाऊन आलेल्यांपैकी काहींनी तिथल्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर ‘शिकारीची जमीन विकणे आहे’ अशा अर्थाची पाटी पाहिली असेल. आपल्याला ती चमत्कारिकच वाटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गोष्टीच्या पुस्तकांतच उरली. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. तिकडे मात्र शाळेतला शिक्षक, सुतार, ट्रक चालवणारा, असा साधा नोकरदार किंवा कारागीर माणूस पै-पै साठवतो, कर्ज काढतो आणि शहरापासून तास-दोन तासांवर चाळीस-ऐंशी एकरांचं रान घेतो. त्यातून उत्पन्न जवळजवळ शून्य. मग हे परवडतं कसं? आणि मुळात माणसं ते घेतात कशाला?

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मी बराच मागे गेलो आणि शेवटी एका ऐंशी एकरांच्या तुकड्यापाशी येऊन थांबलो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

अमेरिकेत जाऊन वसलेले पहिले इंग्रज ज्या देशातून आले, तिथे शिकार ही जमीनदारांची मिरास होती. इंग्लंडमध्ये १६७१ साली एक कायदा झाला. त्यानुसार वर्षाला शंभर पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन असेल त्यालाच (आणि काही खानदानी मंडळींना) तितर, ससा वगैरे मारण्याचा अधिकार होता. गंमत अशी, की पार्लमेंटसाठी मत द्यायला चाळीस शिलिंगांची जमीन पुरत असे. म्हणजे देशाचा कारभारी निवडायला लागते त्याच्या पन्नासपट मालमत्ता तितर मारायला हवी, असा टोमणा ब्लॅकस्टोन या प्रसिद्ध कायदेपंडिताने मारून ठेवला आहे. पुढे १७२३ च्या कायद्याने तर तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन राखीव रानात शिरणाऱ्याला फाशीची तरतूद झाली. १६७१ ची ती जमिनीची अट १८३१ साली गेली.

अशा देशातून आलेल्या माणसांना नव्या भूमीवर पहिली कुठली गोष्ट हवी असेल? पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेत त्यांनी चक्क लिहून ठेवलं, की रहिवाशांना आपल्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर योग्य त्या काळात शिकारीची मुभा राहील. पुढे न्यायालयांनी आणखी एक तत्त्व पक्कं केलं. रानातलं जनावर जमीनमालकाचं नव्हे, ते सर्व जनतेचं, आणि राज्य हे त्याचं राखणदार. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. तो निकाल १९७९ साली उलटवला गेला, पण रानातलं हरीण शेताच्या मालकाचं होत नाही, हा विचार तिथे आजही टिकून आहे.

म्हणजे शिकारीची जमीन घेणारा नेमकं काय विकत घेतो, ते बघा. हरीण नाही, बदक नाही. शिकारीच्या हंगामाचे नियम त्यालाही लागू. तो घेतो फक्त उभं राहायला जागा, आणि दुसऱ्याला ‘इथे येऊ नका’ म्हणायचा हक्क.

जोवर रान अफाट होतं तोवर या हक्काला किंमत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आली. बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने पाखरं संपत आली. कोट्यवधींच्या थव्यांनी उडणाऱ्या प्रवासी कबुतरांतलं शेवटचं १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. शेतांना तारा लागल्या, ‘प्रवेश बंद’च्या पाट्या लागल्या. पैसेवाल्यांनी एकत्र येऊन क्लब काढले, दलदली आणि तळी विकत किंवा भाड्याने घेतली. सामान्य माणसापुढे प्रश्न उभा राहिला : आता जायचं कुठे?

जमीन घ्यावी म्हटलं तर पैसा कुठून आणायचा? १९१६ पूर्वी तिथे शेतजमिनीवर मिळणारं कर्ज सहसा तीन ते पाच वर्षांचं असे. मुदत संपली की मुद्दल एकरकमी भरा, नाहीतर नवं गहाणखत करा. १९१६ च्या फेडरल फार्म लोन कायद्याने पाच ते चाळीस वर्षांच्या मुदतीचं, हप्त्याहप्त्याने फिटणारं कर्ज आणलं आणि व्याजाला सहा टक्क्यांची मर्यादा घातली. जमिनीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत ते मिळे. उरलेलं स्वतः उभं करायचं. पण त्यात एक अट होती. कर्ज घेणारा ती जमीन स्वतः कसणारा, किंवा लवकरच कसू लागणारा हवा. केवळ रविवारी बंदूक घेऊन फिरण्यासाठी हे कर्ज नव्हतं. त्याला एकतर रोख मोजावी लागे, नाहीतर विकणाऱ्याशीच करार करून हप्ते ठरवावे लागत. सगळे हप्ते फिटेपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याकडेच. एखादा हप्ता चुकला तर जमीन आणि भरलेले पैसे दोन्ही जायची भीती. आपल्याकडच्या साठेखताची आठवण यावी असाच हा प्रकार. (आज तिकडच्या सहकारी शेती-कर्जसंस्था शिकारीच्या रानासाठीही कर्ज देतात. पण मोकळ्या जमिनीला स्वतःची रक्कम घरापेक्षा बरीच जास्त घालावी लागते.)

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आल्डो लिओपोल्ड हा मूळचा आयोवा राज्यातला, १८८७ चा जन्म. वनखात्यात नोकरी केली, बरीच वर्षं नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत काढली आणि १९२४ साली विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन गावी आला. शिकारीचं वेड लहानपणापासूनचं. पुढे बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचा नाद लागला. धनुष्यं तो स्वतः घडवी. बायको एस्टेला तर तिरंदाजीत त्याच्याही पुढची, राज्यातल्या स्पर्धा जिंकणारी. १९३३ साली शिकारी प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचं त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. देशातली ही त्या विषयाची पहिलीच जागा. आणि ती कुठल्या विभागात? शेतीच्या अर्थशास्त्राच्या!

जमीन नसलेल्यांचं काय, हा प्रश्न त्याने आधीच हाताळला होता. १९३१ पासून मॅडिसनजवळच्या रायली या खेड्यात काही शेतकरी आणि काही शहरी शिकारी यांची एक सहकारी मंडळी त्याने जमवली. शहरवाल्यांनी थोडा पैसा, पाखरांसाठी दाणा, झाडं, कष्ट द्यायचे, शेतकऱ्यांनी रान राखायचं आणि शिकार दोघांनी मिळून करायची. मला ही कल्पना फार आवडली. परवडत नाही म्हणून हात बांधून बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण आपला म्हणून एक तुकडा असावा ही ओढ त्यालाही होतीच. १९३४ साली विस्कॉन्सिनने केवळ धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा पहिला हंगाम जाहीर केला, तोही सॉक आणि कोलंबिया या दोनच काउंटींत. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा.) पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, सॉक काउंटीत बाराबू गावाच्या पलीकडे, विस्कॉन्सिन नदीकाठी त्याने ऐंशी एकर जमीन घेतली. भाव एकरी आठ डॉलर. म्हणजे सारे मिळून ६४० डॉलर. त्या काळी नवी फोर्ड मोटार पाचशेच्या आसपासपासून पुढे मिळे. ऐंशी एकर जमीन एका मोटारीच्या भावात!

इतकी स्वस्त का? इथेच खरी गोष्ट आहे.

तो भाग वाळूचा. जंगल तोडून शेती झाली, काही वर्षं पिकं आली, मग जमीन थकली. पहिल्या महायुद्धात धान्याला तेजी आली तेव्हा अमेरिकेत शेतकऱ्यांनी भरमसाट कर्जं काढली. १९२० नंतर भाव कोसळले आणि हप्ते मात्र तेवढेच राहिले. त्यावर १९२९ ची मंदी. जमिनीवरचा कर भरता येईना म्हणून लोक शेतं सोडून गेले आणि ती काउंटीच्या गळ्यात पडू लागली. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हे इतकं झालं, की १९३३ साली ओनायडा काउंटीने कुठे शेती करायची आणि कुठे जंगलच ठेवायचं याचे नियम केले. खेड्यातल्या जमिनीसाठी असे नियम करणारी ती देशातली पहिली काउंटी. लिओपोल्डच्या तुकड्याचा आधीचा मालक चोरटी दारू गाळणारा होता. त्याने जमिनीत उरलासुरला कस होता तोही ओरबाडला, घर जळालं, कर थकवला आणि तो मंदीच्या गर्दीत कुठे नाहीसा झाला. हे लिओपोल्डनेच लिहून ठेवलं आहे. शिल्लक होती एक कोंबड्यांची खुराडी, आत गुडघाभर शेण आणि घाण.

मंडळी, आपल्या दख्खनच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तेजीत काढलेलं कर्ज मंदीत कसं गळ्याशी येतं, ते कापसाची तेजी ओसरल्यावर आपल्या खेड्यांनी पाहिलं. १८७५ साली सुप्याला सावकारांचे कागद जळले त्यामागे हेही एक कारण होतं. आणखी खोल गेलं तर हा सारा मुलूख हो-चंक लोकांचा. १८३७ च्या तहाने त्यांचा हक्क काढून घेतला गेला. त्यांना वारंवार बाहेर नेऊन सोडलं तरी ते परत येत राहिले, आणि शेवटी १८८१ च्या कायद्याने त्यांना आपल्याच मुलखात चाळीस-चाळीस एकर ‘नव्याने’ मिळू शकले. स्वस्त जमिनीची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते, ती अशी.

लिओपोल्डला याची जाण होती असं मला वाटतं, कारण ६४० डॉलरवर तो थांबला नाही. शिकारीच्या निमित्ताने घेतलेल्या त्या जागी पुढची तेरा वर्षं शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत नवरा-बायको आणि पाच मुलं राबत राहिली. सर्वात धाकटी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. खुराडी साफ करून तिचीच खोपटी केली. १९३६ च्या वसंतात हजारोंनी पाइनची रोपं लावली. त्या उन्हाळ्यात असा दुष्काळ पडला की बहुतेक सगळी मेली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्या वर्षांत चाळीस हजारांहून अधिक झाडं लागली. सोबतीला रोजची टिपणवही : कुठलं फूल कधी उमललं, बगळ्यांसारखे क्रौंच केव्हा परतले, नदीचं पाणी किती चढलं. शिकार थांबली नाही, पण हळूहळू ती दुय्यम झाली.

शेतीच्या अर्थशास्त्राच्या विभागात बसणाऱ्या या माणसाला त्या जमिनीचा जमाखर्च मांडता आला नसता का? मांडला असता तर तोटाच दिसला असता. व्याज धरा, कर धरा, प्रवास, रोपं, मजुरी धरा. पण आधीच्या मालकाला जमीन ‘परवडावी’ म्हणून जमिनीने स्वतःला झिजवलं होतं. इथे माणूस तिच्यासाठी झिजायला तयार झाला. पहिली जमीन घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न हाच असावा. मला ही जमीन परवडते का, हा अर्धा झाला. तिला मी परवडतो का, हा उरलेला अर्धा.

याच काळात, ज्यांना जमीन घेणं कधीच शक्य नव्हतं त्यांच्यासाठीही एक वाट निघाली. १९३४ साली बदकांच्या शिकाऱ्यांसाठी एक डॉलरचं तिकीट निघालं. पहिल्या तिकिटाचं चित्र डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. त्याच वर्षी वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीत तो आणि लिओपोल्ड बरोबर होते. त्या तिकिटांच्या पैशातून पाणथळ जागा घेऊन राखायला सुरुवात झाली. हे तिकीट २०१५ पासून पंचवीस डॉलरचं आहे आणि आजवर साठ लाख एकरांहून अधिक जागा त्यातून राखली गेली. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीवांसाठी बाजूला काढला. ज्याची ऐपत ऐंशी एकरांची त्याने ते घ्यावेत, ज्याची एका डॉलरची त्याने तिकीट घ्यावं. हिशेब मला न्याय्य वाटतो.

२१ एप्रिल १९४८ ला शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागली. ती विझवायला धावलेला लिओपोल्ड तिथेच हृदयविकाराने गेला. आठवड्यापूर्वीच त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्ड प्रकाशनाने स्वीकारलं होतं. १९४९ साली ते ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ नावाने आलं. सँड काउंटी नावाची काउंटी नकाशावर नाहीच. पुस्तकाचा बराचसा ऐवज मात्र त्या आठ डॉलरवाल्या वाळूतून आलेला. पाचही मुलं निसर्गाच्याच अभ्यासात गेली आणि १९८२ साली त्यांनी संस्था काढून ती जागा तिच्या हवाली केली. २००९ साली ती खोपटी राष्ट्रीय स्मारक ठरली.

तिकडे असलेल्या आमच्या नात्यागोत्यातल्या मुलांपैकी कोणी असं रान घ्यायचं मनात आणत असेल, तर व्याजाचा दर आणि हप्ते बँकवाला सांगेलच. माझं एवढंच सांगणं, की भाव फार कमी वाटला तर आधी कोण सोडून गेलं आणि का, याची गावात चौकशी करा. आणि खरेदीखतावर सही झाली की पहिल्या पावसाळ्यात काहीतरी लावा. मेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावा.