बर्फ, रबडा आणि कॅप्टन थेन

हेलसिंकीत हिवाळाभर बर्फ पडतो आणि विमानतळ चालू असतो. लंडनला चार बोटं बर्फ पडला की हीथ्रोचा बोऱ्या वाजतो. असं का, विचारलं की उत्तर ठरलेलं... "त्यांना सवय आहे हो!" मला हे उत्तर कधीच पटलं नाही. सवय आपोआप लागत नसते. तिच्यामागे यंत्रं असतात, पैसा असतो, आणि पुष्कळदा आधी कुणीतरी जिवानिशी गेलेलं असतं.

६ फेब्रुवारी १९५८ चंच बघा. बेलग्रेडहून मँचेस्टरला निघालेलं विमान इंधनासाठी म्युनिकच्या रीम विमानतळावर उतरलं होतं. आत मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ. इंजिनं नीट चालेनात म्हणून दोनदा उड्डाण अर्ध्यावर सोडलं. तिसऱ्यांदा विमानाने ११७ नॉट्सपर्यंत वेग घेतला, आणि मग तो वाढायच्या ऐवजी चक्क उतरायला लागला. ११२, मग १०५. आता थांबायलाही जागा नव्हती. विमान कुंपण तोडून समोरच्या घरावर आदळलं. ४४ पैकी २३ माणसं गेली, त्यात ८ खेळाडू.

कॅप्टन जेम्स थेन वाचले. जळत्या विमानापाशी अग्निशामक घेऊन धावले. पण जर्मन चौकशीने सांगितलं की पंखांवर बर्फ होता, तो न काढताच कॅप्टनने विमान नेलं. आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की पंख साफ ठेवणं ही कॅप्टनची जबाबदारी, आणि धावपट्टी साफ ठेवणं ही विमानतळाची! पंखांवर बर्फ दाखवणारा म्हणून जो फोटो पुढे केला गेला, त्याची मूळ निगेटिव्ह नंतर तपासली तेव्हा त्यात बर्फ दिसेना. ती उन्हाची चकाकी होती. तोवर थेन यांची नोकरी गेली होती. बर्कशरमधली आपली पोल्ट्री सांभाळत ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. दरम्यान प्रयोग झाले, आणि खरा गुन्हेगार सापडला. धावपट्टीवरचा रबडा. १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने थेन यांना निर्दोष ठरवलं. १९७५ मध्ये ते वारले. जर्मन बाजूने मात्र आपला निष्कर्ष शेवटपर्यंत सोडला नाही.

रबडा म्हणजे अर्धवट वितळलेला बर्फ, इंग्रजीतला स्लश. कोरडा बर्फ भुशासारखा उडून जातो. रबडा पाण्याइतका जड. चाकं त्यात नांगरासारखी रुततात, आणि वेग जितका जास्त तितका विरोधही जास्त. आज बहुतेक जेट विमानांना साधारण अर्ध्या इंचाहून जास्त रबडा असेल तर उड्डाण करता येत नाही. अर्धा इंच! आपल्या पायातली चप्पलसुद्धा त्याहून जाड असेल.

आणि इथे एक उलटं कोडं सुटतं. उणे १५ अंशांतला कोरडा बर्फ झाडायला सोपा. शून्याच्या आसपास रेंगाळणारी हवा, म्हणजे दिवसा वितळ, रात्री गोठ, ती खरी वैरीण. लंडनला हिवाळा कमी असतो हे खरं, पण जो असतो तो बहुतेक या दुसऱ्या जातीचा.

हेलसिंकीत काय करतात? नांगर, झाडू आणि फुंकणी अशी तिन्ही कामं एकाच वेळी करणाऱ्या लांबलचक गाड्या एकामागे एक तिरक्या रांगेत धावतात आणि काही मिनिटांत अख्खी धावपट्टी मोकळी करतात. तेवढा वेळ विमानं दुसऱ्या धावपट्टीवर. तिथे २००२ पासून धावपट्ट्या आहेत तीन. हीथ्रोला दोन, आणि त्या दोन्हीवर दिवसभर जवळजवळ सलग वाहतूक. हेलसिंकीहून कितीतरी जास्त विमानं तिथे ये-जा करतात. एक धावपट्टी पाऊण तास बंद ठेवली की दिवसाचं वेळापत्रक कोसळलं. माझ्या मते खरं उत्तर इथे आहे. झाडू विकत मिळतो, मोकळा वेळ मिळत नाही.

१८ डिसेंबर २०१० ला हीथ्रोवर हेच झालं, आणि वर आणखी एक. धावपट्टीपेक्षा जास्त दमवलं ते उभ्या विमानांच्या खाली-भोवती गोठलेल्या बर्फाने. तिथे मोठी यंत्रं शिरत नाहीत. ऐन नाताळात हजारो उड्डाणं रद्द, माणसं टर्मिनलच्या फरशीवर झोपलेली. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख कॉलिन मॅथ्यूज यांनी त्या वर्षीचा बोनस नाकारला. डेव्हिड बेग यांच्या समितीने मार्च २०११ मध्ये अहवाल दिला, मग यंत्रं आली, माणसं आली.

आपण मुंबईकरांनी हसू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आपलाही विमानतळ बंदच होता, आणि पावसाची सवय आपल्याला नाही असं कोण म्हणेल?

म्युनिकचा नवा विमानतळ १९९२ मध्ये सुरू झाला तो पंखांवरचा बर्फ उतरवायच्या जागा धावपट्ट्यांच्या तोंडाशीच घेऊन. औषध फवारल्यावर रांगेत ताटकळत पुन्हा बर्फ साचायला नको. जुनं रीम बंद झालं. अपघाताच्या जागेजवळच्या चौकाला २००८ मध्ये मँचेस्टरप्लाट्स असं नाव दिलं गेलं.

आणि हीथ्रो? जानेवारी २०१३ मध्ये परत बर्फ पडला. या वेळी यंत्रं हजर होती. तरी शेकडो उड्डाणं रद्द झाली, कारण दिसत कमी होतं म्हणून दोन विमानांत अंतर वाढवावं लागलं, आणि वाढवायला वेळापत्रकात जागाच नव्हती.