गामाची कुस्ती आणि तिचे साक्षीदार

गामा पहिलवानाची कुस्ती नेमकी कशी होती, असें कोणी विचारलें म्हणजे आमच्याकडे बहुधा दंड-बैठकांचे आकडे आणि दुधाच्या शेरांचा हिशेब ऐकावयास मिळतो. मेहनत व खुराक हीं कुस्तीचीं अंगें खरीं, पण तीं म्हणजे कुस्ती नव्हे. तो कोणत्या पवित्र्यानें उभा राही, केव्हां चाल करी, हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें आख्यायिका बाजूस ठेवून प्रत्यक्ष लढतींचे समकालीन वृत्तांत वाचले पाहिजेत.

असा वृत्तांत जिचा मिळतो ती लढत ता. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडनांत शेफर्ड्स बुश येथील क्रीडांगणावर झाली. प्रतिपक्षी पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामानें आरंभींच त्यास खालीं घेतलें. मग तो वजनदार गडी जमिनीस चिकटून जो राहिला तो अडीच तासांहून अधिक वेळ. निकाल लागला नाहीं. १७ तारखेस फेरलढत ठरली होती; झिबिस्को आलाच नाहीं, आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामास मिळाला. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें हेच दोघे पुन्हां भेटले, तेव्हां सुमारें एका मिनिटांत झिबिस्को चीत झाला. किती सेकंद लागले याविषयीं लेखकांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

आतां या साक्षीदारांची पारख. इंग्रज बातमीदारास आपल्याकडील डावांचीं नांवें ठाऊक असणार कोठून? त्याच्यापाशीं ‘हाफ नेल्सन’ आहे, ढाक नाहीं, कलाजंग नाहीं. जें त्यास ओळखूं येतें तेंच तो टिपतो. तेव्हां त्याचा मजकूर वाचतांना बडोद्याचा व्यायामज्ञानकोश (१९३६ ते १९४९) शेजारीं असलेला बरा. उलट आपल्या बाजूचे लेखक परकीय सत्तेखालीं मिळालेल्या त्या जयानें इतके हर्षित झालेले कीं, त्यांना डावापेक्षां पट्टाच अधिक दिसला! पण लढत किती वेळ चालली, कोण खालीं होता, कोण आला नाहीं, या गोष्टींत दोन्ही पक्ष जुळतात. तेवढाच आधार आम्ही पक्का धरतों.

त्या आधारावर आमचें मत असें कीं, गामाची खरी धार उभ्या कुस्तींत, पहिल्या झपाट्यांत होती. पालथ्या पडलेल्या जडदेही गड्यास उलथविण्याची हातोटी, निदान लंडनच्या गादीवर तरी, तेवढी दिसली नाहीं. गामाचे भक्त यावर रागावतील. पण याच वृत्तांतांत झिबिस्कोलाही न्याय मिळतो. अडीच तास गामास पाठ लावूं न देणें हा भ्याडपणा म्हणून हिणविला गेला. तें संरक्षण केवढें कठीण होतें, हें तें उभारण्यास सवडच न मिळाल्यावर पतियाळ्याच्या मातींत दिसून आलें.