बीगल : एका शिकारी श्वानाचा सौम्यपणा

शिकारी कुत्रा म्हटला की उग्र जनावर डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातील बीगल मात्र उंचीने हातभराहूनही कमी, लोंबत्या कानांचा व आर्जवी डोळ्यांचा. आजच्या जातीचा इतिहास सांगताना १८३० नंतर एसेक्स परगण्यात फिलिप हनीवुड या पाद्र्याने बाळगलेल्या टोळीचा उल्लेख प्रथम होतो. (धर्मोपदेशकाने शिकारीची हौस करावी, यात तेथे कोणास वावगे वाटत नसे!)

बीगल नजरेने नव्हे, तर गंधाने रानसशाचा माग काढतो, तोही टोळीने. घोडा न परवडणारा मनुष्य पायीच त्याच्या मागे जाई. टोळीत भांडखोर कुत्रा निरुपयोगी. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सौम्य तेवढेच निवडून वाढविले गेले.

पुढे हाच गुण त्याला भोवला. १९५२ पासून अमेरिकेतील यूटा विद्यापीठात प्लुटोनियम व रेडियम टोचून त्यांचे परिणाम पाहण्यासाठी बीगलच घेतले गेले. लहान आकार, समूहात राहण्याची सवय आणि सुई टोचणाऱ्या हातालाही न चावण्याची वृत्ती, एवढे प्रयोगकर्त्यांना पुरेसे होते. इंग्लंडात २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणारी रानसशाची शिकार निषिद्ध झाली; औषधांच्या चाचण्यांसाठी बीगल मात्र आजही पैदास केले जातात.