फेटिया

फेटिया हा बंजारा (लमाण) समाजातील स्त्रियांचा पारंपरिक घागरा होय. पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी आणि डोईवरची ओढणी यांसह तो परिधान केला जातो. पारंपरिक फेटिया संपूर्णपणे हाताने शिवला जात असे. तो शिवणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या फिरता असल्याने या वस्त्राचे तंत्र, साहित्य व रचना या सर्वांवर प्रवासाचा ठसा उमटलेला दिसतो.

पार्श्वभूमी

रेल्वेपूर्व काळात लदाऊ बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची दूरवर वाहतूक करणे हा बंजाऱ्यांचा मुख्य व्यवसाय होता. मोगलांच्या व दख्खनमधील सत्तांच्या फौजांना ते रसद पुरवीत. ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली याच्या १८०३ मधील मोहिमेतही सैन्याच्या धान्यपुरवठ्याचा मोठा भार बंजाऱ्यांवर होता. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी झालेल्या असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूने स्कॉटलंडच्या ७४व्या व ७८व्या हायलंडर पलटणी लढल्या. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘बंजारी’ व ‘वंजारी’ ही नावे अनेकदा सरमिसळ झालेली आढळतात. महाराष्ट्रात मात्र बंजारा व वंजारी हे दोन वेगळे समाज आहेत.

कोकण व घाटमाथा यांच्यातील व्यापारात मिठाला विशेष महत्त्व होते. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण हे भोगावती नदीकाठी, तर रोहा हे कुंडलिका नदीकाठी वसलेले गाव आहे. खाडीमार्गे समुद्राशी जोडलेल्या या पट्ट्यात, विशेषतः पेण परिसरात, मिठागरे होती. घाटावरील धान्य खाली आणायचे आणि परतताना मीठ वर न्यायचे, अशी बैलतांड्यांच्या व्यापाराची सर्वसाधारण रीत होती. पुरुषांप्रमाणेच स्त्रिया व मुलेही तांड्याबरोबर चालत आणि संसारही बैलांच्या पाठीवरून हलत असे.

रचना

फेटियाचे तीन भाग पडतात : भरतकाम केलेला कमरेचा पट्टा, भरपूर चुण्यांचा घेर आणि खालची किनार. लाल रंगाचे प्राबल्य असते. त्याच्या जोडीला निळा, पिवळा, हिरवा व काळा हे रंग येतात. आरसे, कवड्या, नाणी, धातूचे मणी व लोकरीचे गोंडे यांनी वस्त्र सजवितात. चुण्या कमरेशी घट्ट बांधलेल्या आणि खाली मोकळ्या असल्यामुळे घेर चालताना पायात येत नाही.

स्कॉटलंडच्या किल्ट या वस्त्रातही हेच तत्त्व दिसते. सुमारे ८ यार्ड (७.३ मीटर) लोकरी कापडाच्या चुण्या वरच्या भागात शिवून पक्क्या करतात व खाली मोकळ्या सोडतात. मात्र किल्टची शोभा विणलेल्या चौकटींच्या जुळणीत असते, तर फेटियाची सुईने घातलेल्या टाक्यांत व जडावकामात.

शिवणकाम व प्रवास

बंजारा भरतकामात सहसा आधी नक्षी रेखाटत नाहीत. जाडसर सुती कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या आधारे टाके घातले जातात. त्यामुळे साचा, चौकट वा मेज यांची गरज पडत नाही. सुई, दोरा व कापडाचा तुकडा पुरेसा होतो. काम लहान तुकड्यांवर करून ते नंतर जोडता येत असल्याने मुक्कामागणिक थोडेथोडे शिवणे शक्य होई. जुन्या वस्त्रांतील चांगले तुकडे नव्या वस्त्रात, पिशव्यांत व गोधड्यांत वापरले जात. ही कला आईकडून मुलीकडे प्रत्यक्ष कामातूनच गेली.

ऱ्हास व सद्यःस्थिती

१८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. रेल्वे व पक्क्या सडकांमुळे बैलांवरील वाहतूक संपुष्टात आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांवर पाळत ठेवण्यात आली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत समाविष्ट आहे. तांडे स्थिरावल्यावर शेती, मजुरी व ऊसतोडणी ही उपजीविकेची साधने बनली. ऊसतोडणीसाठीचे हंगामी स्थलांतर आजही होते. परंतु वजनदार फेटियाची जागा दैनंदिन वापरात साडीने घेतली आहे. तो मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, तसेच लग्नकार्यात व तीज उत्सवात दिसतो.

कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांनी तयार केलेल्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी या बंजारा तीर्थक्षेत्री ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

बाजारात मागणी प्रामुख्याने पिशव्या, उशांचे अभ्रे व भिंतीवरील पट्ट्या यांना आहे. गोव्याच्या किनारी बाजारांत लमाण स्त्रिया अशा वस्तू विकताना दिसतात. या विक्रीमुळे टाक्यांचे ज्ञान टिकते व स्त्रियांना उत्पन्न मिळते. तथापि जुने फेटिये कापून त्यांच्या तुकड्यांपासूनही वस्तू बनविल्या जातात. अशा तुकड्यांवर टाके शिल्लक राहतात, परंतु घेराची बांधणी व चुण्यांची घडण त्यांवरून शिकता येत नाही.